चार खुंट्या, एक सुतळी आणि नमुन्याचा प्रश्न

मी अकरावी-बारावीला संख्याशास्त्र शिकवते. मागच्या वर्षी वर्गातल्या चार मुलांनी एक प्रकल्प केला. विषय साधा होता: आपल्या कॉलेजातल्या मुलांना घरून इथपर्यंत यायला सरासरी किती वेळ लागतो? शेवटचा तास सुटला की चौघं फाटकाशेजारच्या झाडाखाली वही घेऊन उभी राहायची आणि जो भेटेल त्याला विचारायची. तीन दिवसांत ६० उत्तरं जमली. सरासरी आली १९ मिनिटं.

वर्गात आकडा वाचून दाखवला तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "मॅडम, मला पाऊण तास लागतो. पण मला कुणी विचारलंच नाही. बेल झाली की आम्ही स्टँडकडे पळतो. ती एसटी चुकली की पुढची दीड तासानं."

चौघांपैकी एक जण लगेच म्हणाला, "मग अजून शंभर जणांना विचारतो."

हे उत्तर कुणालाही सुचेल आणि ते चुकीचं आहे. नमुना, बायस (म्हणजे एकाच बाजूला झुकलेली चूक) आणि अभ्यासाचा आराखडा हा सगळा धडा मला या एका वाक्याभोवती उभा करावासा वाटतो. त्याच झाडाखाली, त्याच वेळी अजून शंभर जणांना विचारलं तरी भेटणार तीच मुलं, ज्यांना घरी जायची घाई नाही, म्हणजे ज्यांचं घर जवळ आहे. एसटीनं येणारी मुलं तोवर स्टँडवर पोचलेली असतात. उत्तरांची संख्या वाढेल, पण सरासरी खरी होणार नाही. उलट १६० उत्तरं हातात आली म्हणून त्या चुकीच्या सरासरीवर विश्वास मात्र वाढेल.

आधी दोन शब्द नीट समजून घेऊ. ज्यांच्याबद्दल आपल्याला काही जाणून घ्यायचं आहे ते सगळे मिळून समष्टी. इथे कॉलेजातली सगळी मुलं. त्यातली जी आपण प्रत्यक्ष तपासतो ती नमुना. शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो, पण ती का जमते याचा विचार करत नाही. जमते कारण घरच्या पातेल्यातला भात सगळीकडे जवळपास सारखाच शिजतो. लग्नाच्या पंगतीचा मोठा टोप असेल तर आचारी वरचं शीत दाबून थांबत नाही, झारा तळापर्यंत घालतो. माणसं, गावं, शेतं यांचा टोप कधीच सारखा शिजलेला नसतो. तिथे कुठलं शीत उचललं यावरच सगळं ठरतं.

नमुन्यातून येणारी चूक दोन तऱ्हेची असते. एक नशिबाची: चिठ्ठ्या टाकून ६० मुलं निवडली तर कधी लांबची चार जास्त येतील, कधी जवळची. ही चूक दोन्ही बाजूंना होते आणि नमुना वाढवला की कमी होते. दुसरी दर वेळी एकाच बाजूला ओढते. पाठ्यपुस्तकात तिला अभिनती म्हणतात, वर्गात सगळे बायसच म्हणतात. झाडाखालची वही दर वेळी कमीच वेळ दाखवणार. नमुना दसपट केला तरी ही चूक जिथल्या तिथे राहते.

हे मला सगळ्यात स्पष्ट दिसतं ते पीक कापणी प्रयोगात. गावाकडच्या वाचकांनी तो पाहिला असेल. तालुक्यात सोयाबीनचं किंवा ज्वारीचं हेक्टरी उत्पादन किती आलं हे ठरवायला प्रत्येक शेत कापून तोलणं शक्य नाही. पूर्वी अंदाज बांधावर उभं राहून नजरेनं व्हायचा. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, मग यंदा किती आणे? आणेवारी हा शब्द तिथूनच आला. अनुभवी माणसाची नजर वाईट नसते, पण तिला सवयी असतात. वाईट वर्षात ती जपून बोलते, चांगल्या वर्षातही हात आखडून बोलते, आणि शेतसारा, सूट किंवा मदत त्या आकड्यावर अवलंबून असेल तर ऐकणाऱ्याचा आणि सांगणाऱ्याचा कल वेगवेगळा असतो.

पीक कापणी प्रयोगात निवड पायरीपायरीनं होते. तालुक्यातून किंवा महसूल मंडळातून चिठ्ठीसारख्या पद्धतीनं काही गावं, त्या गावांतून गट नंबर, त्या गटातून ते पीक असलेलं शेत आणि शेवटी त्या शेतातला एक छोटा तुकडा. पुस्तकात हीच बहुस्तरीय निवड. शेतात पोचल्यावर नैऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं, शेताची लांबी-रुंदी मोजायची आणि यादृच्छिक संख्यांच्या तक्त्यातून दोन आकडे घ्यायचे: इतकं लांबीच्या दिशेनं, इतकं रुंदीच्या दिशेनं. जिथे पोचाल तिथे पहिली खुंटी ठोकायची. तिथून बहुतेक पिकांसाठी १० मीटर बाय ५ मीटरचा आयत आखायचा. कोपरे काटकोनात आहेत की नाही हे कर्ण मोजून पाहायचं, तो ११.१८ मीटर भरला पाहिजे. पायथागोरसचं प्रमेय शेतात इतक्या कामाला येतं हे मुलांना सांगताना मला दर वेळी आनंद होतो. मग चार खुंट्यांना सुतळी ताणायची, आतलं पीक कापायचं, मळायचं, तोलायचं.

आता तिथे उभ्या असलेल्या माणसांकडे पाहा. विमा काढलेल्या शेतकऱ्याला वाटतं, ज्या भागात पाणी साचून पीक गेलं तिथे खुंटी पडावी. त्याची तक्रार खोटी नसते, नुकसान डोळ्यांसमोर असतं. विमा कंपनीच्या माणसाला भरलेला भाग दिसतो. मोजणी करणाऱ्या कर्मचाऱ्याला ऊन लागलेलं असतं, रस्त्यालगतचा तुकडा सोयीचा वाटतो. यांतला कुणीही लबाड नसला तरी प्रत्येकाच्या मनात खुंटीची एक जागा ठरलेली असते. तक्त्यातले दोन आकडे ती निवड सगळ्यांच्याच हातातून काढून घेतात. यादृच्छिक म्हणजे कसंही, वाटेल तिथे, असा गैरसमज मुलांमध्ये फार असतो. उलट आहे. वाटेल तिथे उभं राहणं म्हणजे आपल्या सवयीनं उभं राहणं. यादृच्छिक निवडीला यादी लागते, नियम लागतो आणि आलेला आकडा गैरसोयीचा असला तरी तो पाळण्याची शिस्त लागते.

एवढं करूनही बायस आत शिरायला एक फट उरते, ती सुतळीपाशी. ही गोष्ट सांगताना मला आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे आठवतात.

१९३० आणि ४० च्या दशकांत प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमध्ये तागाच्या लागवडीचे आणि नंतर पिकांच्या उत्पादनाचे नमुना सर्वेक्षण उभे केले. कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था त्यांचीच. उत्पादन मोजायला ते छोटे वर्तुळाकार तुकडे वापरत. त्यांचा हिशेब सरळ होता: तुकडा छोटा तर काम थोडं, काम थोडं तर तेवढ्याच पैशात कितीतरी जास्त ठिकाणी जाता येतं. नशिबाची चूक कमी करायला हा मार्ग उत्तम. सुखात्मे तेव्हा दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्राचं काम पाहत होते. वेगवेगळ्या आकारांचे तुकडे एकाच भागात कापून त्यांनी ताडून पाहिले आणि दाखवून दिलं की तुकडा जितका छोटा तितकं उत्पादन फुगून येतं.

असं का व्हावं? सुतळीखाली येणारं पिकाचं ताट धरायचं की सोडायचं हा प्रश्न शेतात दर हातभर अंतरावर येतो. नियम असा की बूड आत असेल तर धरायचं. पण वाकून बघणाऱ्याचा हात नकळत धरण्याकडे जातो. चांगलं भरलेलं कणीस बाहेर सोडवत नाही. समजा या सवयीमुळे चारी बाजूंना फक्त ५ सेंटिमीटरची पट्टी जास्त कापली गेली. १० बाय ५ मीटरचा तुकडा मग खरा १०.१ बाय ५.१ होतो. क्षेत्रफळ ५० ऐवजी ५१.५१ चौरस मीटर, म्हणजे ३ टक्के जास्त. आता तुकडा १ बाय १ मीटरचा घ्या. तीच पट्टी, तोच माणूस, तोच हात. तो होतो १.१ बाय १.१, म्हणजे १.२१ चौरस मीटर. २१ टक्के जास्त! छोट्या तुकड्याला आतल्या जागेच्या मानानं कड फार असते आणि सगळी गडबड कडेलाच होते.

असे छोटे तुकडे १० कापा किंवा १० हजार कापा, सरासरी २१ टक्क्यांनी फुगलेलीच येणार. १० हजारांत ती अगदी स्थिर येईल, दशांश चिन्हापर्यंत जुळेल आणि तरीही चूक असेल. "अजून शंभर जणांना विचारतो" याचं हे शेतातलं रूप.

महालनोबिस यांची बाजूही पोकळ नव्हती. काळजीपूर्वक साधनं वापरली, पूर्णवेळ प्रशिक्षित माणसं ठेवली तर कडेची चूक आवरता येते, असं त्यांचं म्हणणं. सुखात्म्यांची पद्धत गावोगावी आधीपासून असलेल्या महसुली कर्मचाऱ्यांकडून काम करून घेण्याची, म्हणून त्यांना जास्त हातांनी केलेली चूक सहन करेल असा मोठा तुकडा हवा होता. दोघंही आपापल्या हाताखालच्या माणसांचा विचार करून आराखडा ठरवत होते. आणि माणसाच्या हातून होणारी चूक पकडायची एक सुंदर युक्ती महालनोबिस यांचीच आहे: एकाच भागात दोन स्वतंत्र नमुने घ्यायचे, मोजणाऱ्यांच्या दोन वेगळ्या पथकांकडून, एकमेकांना न दाखवता. दोन्हींचे आकडे फार फाकले तर समजायचं, गडबड शेतात नाही, मोजणीत आहे. माझ्या प्रयोगवहीत मी मुलांना हे करायला लावते. दोन गट, एकच प्रश्न, वेगवेगळ्या चिठ्ठ्या.

अजून एक फट आहे, तिच्याकडे लक्ष कमी जातं. चिठ्ठीत निघालेल्या शेतात कर्मचारी पोचतो तेव्हा पीक आधीच काढलेलं असतं. तो शेजारचं उभं शेत घेतो. आधी कापलेलं शेत बहुधा वेगळं असतं: लवकर येणारं वाण, हलकी जमीन, पाण्याची ओढ. ज्यांची उत्तरं मिळाली नाहीत ती जर मिळालेल्यांपेक्षा वेगळी असतील तर त्यांच्या जागी हाताशी आलेला दुसरा भरणं म्हणजे पुन्हा झाडाखाली उभं राहणं.

याच फटीत अमेरिकेतलं एक मोठं साप्ताहिक बुडालं. १९३६ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्टनं सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालानं पाठवल्या. परत आल्या साधारण २४ लाख. अंदाज निघाला: उमेदवार लँडन ५७ टक्के मतं मिळवून जिंकणार. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट यांना सुमारे ६१ टक्के मतं पडली. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या याद्यांमधून आणि मोटारींच्या नोंदणीतून. मंदीच्या त्या काळात फोन आणि मोटार असलेले लोक म्हणजे सुस्थितीतले लोक. त्यातही पत्रिका भरून परत पाठवणारे चौथ्या हिश्श्याहून कमी. जॉर्ज गॅलप यांनी सुमारे ५० हजारांच्या नमुन्यावर रूझवेल्ट जिंकणार हे बरोबर सांगितलं. दोन वर्षांत साप्ताहिक बंद पडलं. आज यूट्यूबच्या मतचाचण्यांखाली "दोन लाख लोकांनी मत दिलं" असं अभिमानानं लिहिलेलं दिसतं तेव्हा मला ते २४ लाख आठवतात.

मग नमुना केवढा हवा? हो-नाही स्वरूपाच्या प्रश्नाला, नमुना खरोखर यादृच्छिक असेल तर, ४०० जणांत साधारण ५ टक्क्यांची मागेपुढे चूक, १६०० जणांत अडीच टक्क्यांची. चूक निम्मी करायची तर नमुना चौपट. समष्टी एका जिल्ह्याची आहे की सगळ्या राज्याची, याचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. मुलांना हे पटायला वेळ लागतो, पण लग्नाचा टोप नीट ढवळलेला असेल तर तो किती मोठा आहे याची चमच्याला फिकीर नसते.

निवडीच्या बाकीच्या पद्धती पुस्तकात लांबलचक दिल्या आहेत, पण गाभा छोटा आहे. बागायत आणि कोरडवाहू शेतांचं उत्पादन फार वेगळं असतं हे आधीच ठाऊक असेल तर दोन्ही वेगळी करून प्रत्येकातून चिठ्ठ्या काढायच्या, म्हणजे नशिबानं सगळी बागायतच हाती यायची भीती उरत नाही. ही स्तरित निवड. सगळा जिल्हा पालथा घालणं परवडत नाही म्हणून काही गावं चिठ्ठीनं निवडून त्या गावांतली सगळी घरं घ्यायची, ही समूह निवड. प्रवास वाचतो, पण एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात, म्हणून ५०० घरांची किंमत ५०० सुट्या घरांएवढी भरत नाही. परीक्षेत मुलं या दोघींची गल्लत हमखास करतात: स्तरितमध्ये प्रत्येक गटातून थोडे, समूहमध्ये थोड्या गटांतून सगळे. यादीतला दर दहावा घेणं ही पद्धतशीर निवड, सोपी आणि बहुतेक वेळा चांगली. पण शेतात दर दहाव्या ओळीशेजारून पाट जात असेल आणि तुम्ही दर दहावीच ओळ कापत असाल तर संपलं.

इथवर आपण जे आहे ते मोजत होतो. "या बियाण्यानं उत्पादन वाढतं का?" हा प्रश्न निराळा आहे. गावात नवीन वाण पेरणाऱ्यांचं उत्पादन जास्त आलं, न पेरणाऱ्यांचं कमी. वाण चांगलं? कदाचित. पण नवीन वाण आधी कोण पेरतो? ज्याच्या विहिरीला पाणी आहे, ज्याला एक हंगाम फसला तरी झेपतं. फरक वाणाचा की विहिरीचा हे नुसत्या पाहणीतून सुटत नाही. त्यासाठी प्रयोग लागतो, आणि प्रयोगात कुणाला काय मिळणार हेसुद्धा चिठ्ठीनंच ठरावं लागतं.

याचं मला सगळ्यात शिकवणारं वाटतं ते उदाहरण १९५४ चं, अमेरिकेतल्या पोलिओ लशीचं. योनास साल्क यांची लस तयार होती. सगळ्यांना देऊन मागच्या वर्षाशी तुलना का नाही केली? कारण पोलिओची साथ दर वर्षी वेगळी असायची: १९५२ मध्ये सुमारे ५८ हजार रुग्ण, १९५३ मध्ये ३५ हजारांच्या आसपास, तेही लस नसताना. म्हणून तुलना त्याच वर्षी, त्याच भागात हवी होती.

काही भागांत असं ठरलं की दुसरीच्या मुलांना पालकांच्या संमतीनं लस द्यायची आणि पहिली-तिसरीच्या मुलांशी तुलना करायची. ऐकायला नेटकं वाटतं. पण लस घेणारी सगळी संमती दिलेल्या घरांतली, तुलनेतली मात्र सरसकट सगळी. संमती देणारी घरं जास्त करून सुस्थितीतली होती, आणि पोलिओचा उलटा न्याय असा की तो स्वच्छ, सुस्थितीतल्या घरांतच जास्त गाठायचा. गरीब वस्तीत विषाणू तान्हेपणीच भेटे, आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असतानाच, आणि मूल बहुतेकदा निभावून जाई.

इतर भागांत आधी सगळ्यांच्या पालकांची संमती घेतली आणि मग संमती मिळालेल्या मुलांतूनच यादृच्छिक निवडीनं अर्ध्यांना लस, अर्ध्यांना मिठाचं पाणी टोचलं. कुप्यांवर फक्त सांकेतिक क्रमांक. मुलाला, पालकांना, तपासणाऱ्या डॉक्टरांना, कुणालाच कळत नव्हतं कुणाला काय दिलं. पोलिओचं सौम्य दुखणं ओळखताना डॉक्टरचंही मत डळमळू शकतं, म्हणून हे आंधळेपण गरजेचं होतं.

या दुसऱ्या आराखड्यात दर लाखामागे रुग्ण निघाले असे: लस घेतलेल्यांत २८, मिठाचं पाणी घेतलेल्यांत ७१, संमती नाकारलेल्यांत ४६. ७१ आणि ४६ या दोन आकड्यांपाशी मी वर्गात नेहमी थांबते. लस दोघांनाही मिळाली नव्हती. फरक फक्त घरांचा. पहिल्या आराखड्यात लस घेतलेल्यांत २५ आणि तुलनेच्या वर्गांत ५४ निघाले, कारण त्या ५४ मध्ये नाकारणारी, म्हणजे मुळातच कमी धोक्याची घरं मिसळली होती. लस तीच, पण तिथे ती आहे त्यापेक्षा कमी गुणाची दिसली. इथे बायसनं चांगल्या गोष्टीची किंमत कमी दाखवली. तो नेहमी आपल्याला हवा तिकडेच ओढतो असं नाही.

त्या चार मुलांनी प्रकल्प पुन्हा केला. ऑफिसमधून अकरावी-बारावीची पूर्ण यादी घेतली, ६० चिठ्ठ्या काढल्या आणि ज्यांची नावं निघाली त्यांना वर्गात जाऊन गाठलं, तेही पहिल्या तासाला. प्रश्नही बदलला. आधी "घर लांब आहे का, किती वेळ लागतो?" असं विचारत होती, आता "आज घरून किती वाजता निघालास आणि फाटकात किती वाजता पोचलास?" पहिल्या दिवशी तीन जण गैरहजर होते. त्यांच्या जागी दुसऱ्या तीन चिठ्ठ्या काढू का, असं विचारायला ती माझ्याकडे आली. मी नको म्हटलं, त्याच तिघांची वाट पाहा. दोघं दुसऱ्या दिवशी भेटली. तिसरा मुलगा सोमवारी आला. त्याच्या गावची गाडी चार दिवस बंद होती. वहीत त्याच्या नावापुढे लिहिलं आहे: १ तास १० मिनिटं.